आपण सोडून बाकी सगळी वाहतूक

वाहतूक या शब्दाचा समाधानकारक अर्थ मला अजून कुठल्याही कोशात सापडलेला नाही. कोशकार बिचारे 'माल व माणसे यांची ने-आण' वगैरे लिहून मोकळे होतात. ते लोक घरी बसून कोश लिहितात, त्यामुळे त्यांना रस्त्यावरचा अर्थ ठाऊक नसतो. रस्त्यावरचा अर्थ असा : रस्त्यावर आपण सोडून जे जे काही असतं, त्याला वाहतूक म्हणतात.

पटत नसेल तर आठवून पाहा. कोल्हापुराहून दोन तास उशिरा घरी आलेला माणूस चपला काढता काढता म्हणतो, "काय ती वाहतूक! हललो नाही जागचा." पण "आज मी वाहतूक होतो, माझ्यामुळे मागे दोनशे माणसं खोळंबली," असं म्हणून बायकोपुढे मान खाली घालणारा गृहस्थ मी तरी पाहिलेला नाही. गर्दीचंही तेच. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभी असलेली प्रत्येक बाई शेजारणीला सांगत असते की, मेली काय गर्दी ही, देवीला यायचं तरी कसं माणसानं! ती शेजारीण मान डोलावते. त्या दोघी मिळून त्या रांगेची साडेतीन फूट लांबी झालेल्या असतात. पण ती साडेतीन फूट गर्दीत धरायची नसते. व्याकरणात वाहतूक आणि गर्दी हे शब्द फक्त तृतीय पुरुषी चालतात. प्रथम पुरुषात त्यांची रूपं होत नाहीत.

हा विचार मला खुर्चीत बसून सुचलेला नाही. सायकलवर सुचला. निवृत्त माणसाच्या आयुष्यात सायकल दोन वाटांनी येते. एक डॉक्टरच्या चिठ्ठीतून आणि दुसरी परदेशातल्या नातेवाइकाच्या फोटोतून. माझ्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच महिन्यात येऊन मिळाल्या. डॉक्टर म्हणाले, "गुडघे चालवा, पण भार देऊ नका." आणि त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये असलेल्या माझ्या भाचीनं फोटो पाठवले. बोर्दो गावाबाहेर, द्राक्षांच्या मळ्यातून जाणारा एक गुळगुळीत रस्ता, त्यावर ती, तिचा नवरा आणि दोन सायकली. बाकी क्षितिजापर्यंत कोणी नाही. खाली लिहिलं होतं, "मामा, पन्नास किलोमीटर गेलो. एक गाडी आडवी आली नाही!"

मी जन्मभर भूगोल शिकवला आहे. त्यामुळे दुसऱ्याचा प्रवास पाहून मला हेवा वाटत नाही. मी नकाशा काढून बसतो. तर तो रस्ता म्हणजे मुळात रस्ताच नव्हे. ती एक बंद पडलेली रेल्वे आहे. रूळ उखडले आणि त्या जागी सायकलवाटा केल्या, असं फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी झालं आहे. बोर्दोजवळच्या या वाटेला रोझे लापेबी यांचं नाव दिलं आहे. हे गृहस्थ १९३७ साली 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत जिंकले. त्या साली शर्यतीत पहिल्यांदाच साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर वापरायला परवानगी मिळाली होती आणि असे गिअर वापरून जिंकणारा पहिला गडी हा. त्याआधी १९०३ पासून शर्यत चालत होती आणि ती चालू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे लबाडी वाटत असे. चढ आला की माणसानं चढ सोसावा, असं त्यांचं मत. हे देग्रांज आमच्या शाळेत असते तर नक्की मुख्याध्यापक झाले असते.

आता गंमत पाहा. ती वाट ज्या मुलखातून जाते त्याचं नाव 'आंत्र-द-मेर'. शब्दशः अर्थ, दोन समुद्रांच्या मधला. प्रत्यक्षात तिथं समुद्र नाहीत. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या आहेत आणि भरतीचं पाणी त्यांच्यात आतवर चढतं म्हणून त्यांना समुद्राचा मान दिला आहे. मी नकाशावरून मान वर केली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. आमचं पेठ वडगाव तरी दुसरं काय आहे? उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. त्या दोघींच्या मधला हा काळ्या मातीचा मुलूख. तिकडे द्राक्षं, इकडे ऊस. तिकडे रस आंबवून बाटलीत भरतात; इकडे रस आटवून गुळाची ढेप करतात, नाही तर कारखान्यात साखर. साखर काढून उरलेल्या मळीचं पुढे जे होतं, ते पाहिलं तर आमचा ऊसही अखेरीस द्राक्षाच्याच गावाला जातो; फक्त त्याला जेवणाच्या टेबलावर बसवण्याइतके संस्कार आपण त्याच्यावर केलेले नाहीत. अलीकडे तर उसाचं इथेनॉल करून ते पेट्रोलमध्ये घालतात. म्हणजे फ्रान्समध्ये शेत माणसं पितात आणि आमच्याकडे मोटारसायकली.

खरं तर द्राक्षाचीच हौस असती तर तासगाव काही फार लांब नाही आणि नाशिककडे तर वाइनचे मोठाले कारखानेच उभे आहेत. पण गुडघे वडगावात, म्हणून सायकलही वडगावात. मी सायकल घेतली. नवीन. तिची किंमत मी घरी निम्मी सांगितली आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

आमच्या गावी माणसं धनाजी जाधवांच्या समाधीपाशी येतात. सेनापती धनाजी १७०८ साली इथंच वारले. त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते : मोगलांची घोडी पाण्यात तोंड घालीनात, कारण त्यांना पाण्यातही संताजी-धनाजी दिसायचे. त्या घोड्यांची मन:स्थिती मला सायकल घेतल्यावर बरोबर समजली. फक्त मला डबक्यात धनाजी दिसत नाहीत. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर दिसतो.

पण ते पुढं सांगतो. सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. मी सायकल घेतली ती ऐन पावसाळ्यात. कारखाने बंद, गुऱ्हाळं थंड, ऊस पुरुषभर उंच आणि हिरवागार. पहाटे साडेपाचला भादोले, लाटवडे या बाजूच्या रस्त्यांवर खरोखर कोणी नसतं. दोन्हीकडे उसाच्या भिंती, मधे ओला काळा रस्ता, एखादा बगळा आणि मी. वारा आला की पानं सळसळतात आणि उसाचा एक हिरवट गोड वास येतो. मी मनात म्हणालो, बोर्दो बोर्दो म्हणतात ते हेच.

फरक एवढाच की आमचा रस्ता वाहतुकीपासून मुक्त असतो, विचारपुशीपासून नव्हे. वडगावच्या पंचक्रोशीत सायकल चालवणारा प्रौढ माणूस दिसला की लोकांना काळजी वाटते. मोटारसायकल थांबते.

"काय सर, गाडी बिघडली काय?"

"नाही रे. सायकल चालवतोय."

"बसा मागं, सोडतो. सायकल ठेवू हितंच कुणाच्या तरी दारात."

"अरे, मुद्दाम चालवतोय. फिरायला."

"फिरायला? म्हंजे कुठं निघालासा?"

"इथून लाटवड्यापर्यंत जाणार आणि परत येणार."

"आन् तितं काय काम?"

"काही नाही."

तो बराच वेळ माझ्याकडे बघतो. मग हळूच विचारतो, "घरात समदं बरं हाय न्हवं?"

डोक्यावरच्या शिरस्त्राणामुळे मला दोनदा लाइट बोर्डाचा माणूस समजून खांबावरच्या तक्रारी सांगण्यात आल्या, हा भाग वेगळा. लोकांचा काही दोष नाही. त्यांनी सायकल पाहिलेली आहे ती कामावरची. चाळीस-पन्नास वर्षांमागे हेच रस्ते सायकलींनी भरलेले असायचे. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवलेली सायकल, मागे गवताचा भारा घेतलेली, दांडीवर पोर आणि कॅरिअरवर बायको बसवून बाजाराला निघालेली, तासावर भाड्यानं आणलेली. सायकलीला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की दंड व्हायचा आणि डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी मारायचा. तेव्हा एखादी मोटार चुकून या बाजूला आली तर आतला साहेब हॉर्नवर हात ठेवून म्हणायचा, "काय ही सायकलींची गर्दी!" म्हणजे तेव्हा आम्हीच वाहतूक होतो. आता आम्ही निसर्गप्रेमी आहोत. सायकल तीच, पेडलही तेच. फक्त पोटासाठी मारलं की ती वाहतूक होते आणि पोट कमी करण्यासाठी मारलं की छंद.

दिवाळी झाली आणि कारखान्यांचे बॉयलर पेटले. हंगाम सुरू झाला म्हणजे आमच्याकडे रस्त्याला पूर येतो. बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात, रानात खोपी पडतात, बैलगाड्या, ट्रक, एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या. ट्रॉलीवर ऊस असा रचलेला असतो की, मागून बघणाऱ्याला ट्रॅक्टर दिसत नाही, चाकं दिसत नाहीत, दिवा दिसत नाही. उसाचं एक रान आपणहून कारखान्याकडे चाललंय असं वाटतं. त्यातून कर्ण्यावर गाणं. रस्त्यावर पाचट आणि पडलेल्या उसाची कांडकी. त्यावरून सायकलीचं बारीक चाक गेलं की फ्रान्स लगेच संपतं.

गावात पहाटे सायकल चालवणारी आणखी दहा-बारा मंडळी होती. दोन डॉक्टर, एक कापड दुकानदार, एक इंजिनिअर, असे सगळे सज्जन, सुखवस्तू आणि वजनाला घाबरलेले. एका रविवारी त्यांनी मला एक अर्ज आणून दाखवला. मराठी तपासून द्या आणि सही करा. अर्जात असं होतं की, नागरिकांच्या आरोग्याचा विचार करून गळीत हंगामात पहाटे साडेपाच ते आठ या वेळात सदर रस्त्यावर ऊस वाहतुकीस पूर्ण बंदी करावी. सदर रस्ता हा सायकलस्वारांसाठी राखून ठेवावा. फ्रान्सचं उदाहरण दिलेलं होतं. ते त्यांना मीच सांगितलं होतं.

ऱ्हस्व-दीर्घ मी लगेच तपासलं. सही मात्र करवेना. "उद्या देतो" म्हणालो. आमच्याकडे 'उद्या' म्हणजे नाही म्हणण्याचा सभ्य प्रकार. पण मी खरोखरच विचार करायला मुदत मागितली होती. प्रश्न साधा दिसत होता, तसा नव्हता. रिकाम्या रस्त्याचा आनंद घेणं यात वाईट काय? काही नाही. पहाटे साडेपाच सगळ्यांसाठी साडेपाचच असतात. जो उठेल त्याचा रस्ता. मी कोणाचं काही घेत नाही. पण रस्ता रिकामा असणं वेगळं आणि रिकामा करून घेणं वेगळं. पहिलं म्हणजे अंगणात पडलेला पारिजात वेचणं. दुसरं म्हणजे शेजाऱ्याचं झाड हलवणं, तेही तो फांदीवर बसलेला असताना.

मग मला अगदी रिकामे रस्ते आठवले. असे रस्ते मी आयुष्यात दोनदा पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं शिरोलीपाशी हायवे गिळला. पुणे-बंगळूर रस्ता कितीतरी दिवस बंद. एरवी रात्रंदिवस घोंगावणारा तो रस्ता वाठारपाशी असा शांत पडला होता की, कुत्री मधोमध झोपली होती. ट्रकच्या रांगा मागे उभ्या, ड्रायव्हर लोकांना गावोगावच्या माणसांनी भाकऱ्या नेऊन दिल्या. त्या वेळी आंत्र-द-मेरवाल्यांप्रमाणे आम्हीही नदीला समुद्र म्हणायला लागलो होतो. दुसरा रिकामा रस्ता २०२० चा. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि देशातला प्रत्येक रस्ता सायकलवाल्याच्या स्वप्नातला झाला. हवा स्वच्छ, आवाज नाही, धूर नाही. त्या स्वच्छ हवेतून माणसं डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन शेकडो मैल चालत घरी निघाली होती. त्या दोन्ही वेळी 'वा, काय रिकामा रस्ता!' असं म्हणावंसं कोणाला वाटलं असेल तर त्याच्याशी मला बोलायचं नाही.

म्हणजे रस्ता रिकामा आहे एवढ्यानं काही ठरत नाही. तो कशामुळं रिकामा आहे हे विचारावं लागतं. आता बोर्दोचाच रस्ता घ्या. तिथं द्राक्षवाल्यांना कोणी हाकललेलं नाही. रेल्वे आपल्या मरणानं मेली आणि तिच्या जागेवर सायकलींची सोय झाली. द्राक्षाचे ट्रॅक्टर आपापल्या रस्त्यानं चालूच आहेत. हा मुद्दा अर्जात नव्हता. आणि तिकडच्या मळ्यांचा देखावासुद्धा फुकट पडलेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात शँपेनच्या मुलखात कडक उष्णतेत तोडणी चालू असताना काही मजूर दगावले. फोटोत मळा येतो, मजूर येत नाही. तो फोटो काढायच्या आधी किंवा नंतर तिथं असतो. आमच्या उसाच्या हिरव्या भिंतीही कोणीतरी लावलेल्या असतात आणि कोणीतरी पहाटे चारला उठून तोडणार असतं. भिंत बघून मी 'अहाहा' म्हणणार आणि तीच भिंत ट्रॉलीत बसून समोरून आली की तिला वाहतूक म्हणणार, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

तत्त्वज्ञानात एक कसोटी सांगतात : आपण जे करतो ते सगळ्यांनी केलं तर चालेल का? ही कसोटी लावून पाहिली. सगळ्या वडगावानं पहाटे साडेपाचला रिकाम्या रस्त्याचा आनंद घ्यायचा ठरवला तर काय होईल? बाजाराच्या दिवशी पेठेत होतं ते होईल. रिकामा रस्ता ही जगातली अशी एक चीज आहे की, तिचा प्रचार केला की ती मरते आणि प्रचार केला नाही तर आपण चिक्कू ठरतो. तेव्हा कसोटीनं मला नापासही केलं नाही आणि पासही केलं नाही. पुढच्या वर्गात ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या टपरीवर थांबलो. तिथं उसाचा एक ट्रॅक्टर उभा होता आणि ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. मला पाहून उठला. माझा जुना विद्यार्थी निघाला. वडगावात पंचेचाळीस वर्षांखालचा कोणीही माणूस थोडा वेळ बघत राहिला तर विद्यार्थीच निघतो.

"सर, सकाळचं ट्रॅक्टर बंद करायलाय म्हणं तुमी लोकं?"

गावात अर्ज कचेरीत पोचायच्या आधी टपरीवर पोचतो.

"तसा अर्ज आहे खरा. मी अजून सही केलेली नाही. तुझं काय म्हणणं?"

"माझं काय म्हणणं आसणार? रात्री दोनला फडात गाडी भरली. आता जाऊन काट्याच्या रांगंत लागायचं. हितं आठ वाजंस्तवर उभा ऱ्हायलो तर माझ्या म्होरं चाळीस गाड्या लागत्यात. दोन खेपा व्हायच्या तितं एक. आन् ऊस वाळतोय ते येगळंच."

ते खरं होतं. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा असं शेतकीवाले सांगतात. जसा उशीर होतो तसं वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. म्हणजे माझ्या गुडघ्यांचे अडीच तास कोणाच्या तरी काट्यावर किलोंनी कमी होणार होते.

"बरं, पण ते गाणं? सगळं रान उठवतोस पहाटे."

तो हसला. मग म्हणाला, "सर, दुसरी रात हाय जागायची. गाणं बंद केलं की डोळं मिटत्यात. मग तुमी बी न्हाई आन् मी बी न्हाई."

मी चहा खाली ठेवला. बाहेर ट्रॉलीवर, उसाच्या मोळ्यांच्या वर, कोणीतरी चादर गुंडाळून झोपलं होतं. त्याच्या मागे, जिथं दिवा असायला हवा, तिथं एक लाल फडकं बांधलेलं होतं. उन्हात ते लाल होतं. अंधारात लाल आणि काळं यांत फरक नसतो.

"आणि मागून कोणी येऊन धडकलं तर?"

"तीच भीती वाटती की. मला मागचं कायसुदिक दिसत न्हाई. त्यात तुमची समदी मंडळी अंधारात काळी कापडं घालून येत्यात." तो क्षणभर थांबला आणि अदबीनं म्हणाला, "सर, सातवीत तुमीच शिकिवलं न्हवं, जग आपल्याभवती फिरत न्हाई म्हणून?"

पस्तीस वर्षं मी तो धडा शिकवला. कोपर्निकसची आकृती फळ्यावर काढून काढून हात दुखायचा. पण तो धडा कोणाला तरी नेमका समजला आहे, हे कळायला उसाच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं.

त्या संध्याकाळी मंडळी सहीला आली. मी म्हटलं, "अर्जात एक बदल करू. बंदी काढून टाकू. प्रत्येक ट्रॉलीच्या मागे चमकणाऱ्या लाल पट्ट्या आणि चालू दिवा असावा, अशी मागणी करू. आणि आपणही मागे दिवे लावू. या रस्त्यावर माणसं मरतात ती ट्रॅक्टर असतो म्हणून नाही, तो दिसत नाही म्हणून."

इंजिनिअर म्हणाले, "पण मग रस्ता रिकामा कसा मिळणार?"

"पावसाळ्यात मिळतो की चार महिने. बोर्दोचं म्हणाल तर, इथं एखादी रेल्वे मरायची आपण वाट बघू. आपल्याला जवळचं स्टेशन हातकणंगले. तिथली लाइन चांगली चालू आहे आणि ती मरावी अशी माझी इच्छा नाही."

कापड दुकानदार जरा तापले. "सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? आमच्या, का ट्रॅक्टरवाल्यांच्या?"

"मी रस्त्याच्या बाजूनंच चालवतो," मी म्हटलं, "डाव्या."

एक डॉक्टर हसले. ते अपघातात आलेली माणसं बघतात. म्हणाले, "सरांचं बरोबर आहे. माझ्याकडे रात्री येणाऱ्यांत एकही माणूस ट्रॅक्टरच्या समोरून आलेला नसतो. मागूनच."

बारापैकी सात जणांनी मूळ अर्जावर सह्या केल्या आणि तो गेला. अर्जांचा रस्ता असाच असतो : जाताना एकदम मोकळा, परतीला कोणी दिसत नाही. उरलेल्या पाच जणांनी वर्गणी काढून चमकणाऱ्या पट्ट्यांची भेंडोळी आणली. आठ-दहा दिवस संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या वाटेवर रांगेत थांबलेल्या ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवत फिरलो. बैलगाड्यांनाही लावल्या. एका गाडीवाल्यानं विचारलं, कुठल्या पक्षाची माणसं तुम्ही? आम्ही सायकलची म्हटल्यावर तो म्हणाला, "चिन्ह इसारलो बगा त्येचं." एका बैलाला पट्टीचा वास आवडला नाही, त्यानं डॉक्टरांना बाजूला केलं, पण ते स्वतःच डॉक्टर असल्यामुळे प्रकरण वाढलं नाही.

सगळ्या ट्रॉल्यांना पट्ट्या लागल्या असं मुळीच नाही. हंगामात रोज नवीन गाड्या येतात आणि पट्टी धुळीनं झाकली की पुसावी लागते. रस्ताही रिकामा झालेला नाही. पहाटे पाचाट तुडवत, कर्ण्यावरचं गाणं ऐकत, ट्रॉलीच्या मागे मागे मी सायकल चालवतो. फक्त आता लांबून एक लाल रेघ चमकते आणि कळतं की, पुढं कोणीतरी आहे. पुढं कोणीतरी आहे हे आधी कळणं, निम्मी नीती तर एवढ्यातच आली. उरलेली निम्मी ब्रेकमध्ये.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या ट्रॉलीला मी स्वतः पट्टी लावली. एक तुकडा उरला. तो त्यानं माझ्या हातातून घेतला, माझ्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर अंगठ्यानं दाबून दाबून बसवला, चार पावलं मागं जाऊन नीट पाहिलं आणि समाधानानं म्हणाला,

"झालं सर. आता तुमी बी वाहतूक."